ऐच्छिक कोणाच्या इच्छेने?

शाळेचे वेळापत्रक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे आपल्याकडील समीक्षकांना आजवर वाटलेले दिसत नाही. कविता, कादंबरी, नाटक, आत्मकथन यांची चिकित्सा आपण करतो. सहावी-सातवीच्या वर्गात भिंतीला चिकटवलेला तो चौकोन आखलेला कागद मात्र आपण वाचत नाही. वास्तविक माणसाच्या आयुष्यावर इतका परिणाम करणारी संहिता दुसरी क्वचितच असेल. कोणत्या मुलाने कोणत्या तासाला कोठे बसायचे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. आणि ते मूल पुढे कोठे बसणार, हेही त्यातच बरेचसे लिहिलेले असते. त्या कागदावर एक शब्द मोठा सोज्वळ चेहरा करून बसलेला असतो. तो शब्द म्हणजे 'ऐच्छिक'.

मी मराठीचा अध्यापक आहे. गणित हा माझा विषय नव्हे. तो माझा का नाही, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला, आणि तो विचारायला लावला एका अमेरिकन पुस्तकाने. रॉबर्ट मोझेस आणि चार्ल्स कॉब यांचे 'रॅडिकल इक्वेशन्स' हे पुस्तक २००१ साली बोस्टनच्या बीकन प्रेसने प्रसिद्ध केले. निग्रो साहित्य, ब्लॅक पँथर, त्यांच्याशी नाते सांगत १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर, यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. काळ्यांची कविता आपण वाचली, त्यांचा संताप आपल्याला आपला वाटला. परंतु त्याच चळवळीतला एक माणूस आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे सातवी-आठवीच्या मुलांना बीजगणित शिकवण्यात घालवतो, आणि ते काम म्हणजे मतदानाच्या हक्काच्या लढ्याचाच पुढचा टप्पा आहे असे म्हणतो, याची दखल आपण फारशी घेतली नाही. याचे कारण आपल्याच वाङ्मयीन सवयींत शोधावे लागेल. वेदना, विद्रोह आणि नकार यांना आपल्याकडे भाषा मिळाली. अपूर्णांकांना मिळाली नाही.

मोझेस हा १९३५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकलेला आणि नंतर एका खासगी शाळेत गणित शिकवणारा. १९६० च्या सुमारास दक्षिणेतल्या काळ्या विद्यार्थ्यांची आंदोलने पाहून तो तिकडे ओढला गेला आणि विद्यार्थ्यांच्या 'स्निक' या संघटनेतर्फे मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणीचे काम करू लागला. मारहाण झाली, तुरुंगवास झाला, गोळीबारातून वाचला. १९६४ चा 'फ्रीडम समर' उभा करणाऱ्यांत तो प्रमुख होता. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेने मतदाराला घटनेचे कलम वाचता यावे किंवा त्याचा अर्थ सांगता यावा अशी अट घातली होती. कलम कोणते द्यायचे आणि अर्थ बरोबर की चूक हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवायचा. तुम्ही निरक्षरांना नोंदणीला कशाला आणता, असे न्यायालयात विचारले गेले तेव्हा मोझेसने दिलेल्या उत्तराचा आशय असा : ज्या व्यवस्थेने या माणसांना शिक्षण नाकारले, तीच व्यवस्था त्यांच्या निरक्षरतेचे कारण पुढे करून त्यांना राजकारण नाकारू शकत नाही. हा युक्तिवाद वाचताना आपल्याला काही परके वाचतो आहोत असे वाटत नाही. आधी शाळेबाहेर बसवायचे आणि मग 'यांना डोके नाही' म्हणायचे, हा खेळ आपण पुरता ओळखून आहोत.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात मिसिसिपी आहे, दुसऱ्यात गणिताचे वर्ग आहेत. वरवर पाहता हे दोन वेगळे ग्रंथ एकत्र बांधल्यासारखे वाटतात, आणि बांधणीच्या दृष्टीने पुस्तक थोडे विस्कळीतही आहे. पण या दोन भागांना जोडणारा दुवा पक्का आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला वाचता-लिहिता न येणाऱ्या शेतमजुराची जी गत होती, तीच संगणकाच्या युगात बीजगणित न येणाऱ्याची होणार, असे मोझेस म्हणतो. अमेरिकेत आठवी-नववीतले बीजगणित हे दार आहे. त्यातून गेलात तर पुढचे गणित, विज्ञान, महाविद्यालय. अडलात तर बाहेरचे अंगण.

हे दार त्याला दिसले ते बाप म्हणून. १९८२ साली त्याची मुलगी माइशा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराच्या मार्टिन ल्यूथर किंग शाळेत आठवीत होती. हार्वर्ड विद्यापीठ ज्या शहरात आहे ते हे शहर. शाळेच्या नावातच किंग. परंतु त्या शाळेत आठवीला बीजगणित नव्हते. माइशाला वर्गात बसून वेगळे गणित करू द्या, अशी विनंती त्याने शिक्षिकेला केली. शिक्षिकेने उलट त्यालाच वर्गात येऊन शिकवायला सांगितले, तिला आणि आणखी तिघांना. त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' जन्माला आला.

शाळेचा हा विभाग मोकळ्या वातावरणाचा, पुरोगामी म्हणवणारा होता. सक्ती कमी, मुलांच्या आवडीला मान जास्त. आणि तरीही गणिताचे गट पाडले की वरच्या गटात बहुतेक गोरी, सुस्थितीतली मुले आणि खालच्या गटात बहुतेक काळी व गरीब मुले, अशीच विभागणी होत असे. कोणी कोणाला हाकलले नव्हते. फक्त ज्याला जे झेपेल, रुचेल ते त्याने घ्यावे, एवढेच धोरण होते. भेदभाव करायला दुष्ट माणसे लागतातच असे नाही. एक ऐच्छिक रकाना पुरतो. ज्याच्या घरात बीजगणित म्हणजे काय हे ठाऊक आहे तो ते मागतो; ज्याच्या घरात ठाऊक नाही तो मागत नाही, आणि त्याच्या न मागण्याला त्याची 'आवड' असे नाव मिळते.

पुढे पालकांना विचारण्यात आले की सातवीच्या मुलांनी बीजगणित शिकावे का. सगळ्याच मुलांची तयारी झालेली असेल असे काही पालकांना वाटत नव्हते. पण आपले स्वतःचे मूल तयार नाही असे मात्र एकालाही वाटले नाही. ही हकिगत वाचली आणि मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

कारण मला माझी सातवी आठवली. आमच्या गावच्या शाळेत दुपारच्या शेवटच्या दोन तासांना वर्ग दोन भागांत वाटला जाई. शिष्यवृत्ती परीक्षा त्या काळी चौथीला आणि सातवीला होती. गुरुजींनी निवडलेली दहा-बारा मुले शिष्यवृत्तीच्या जादा वर्गाला बसत. गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी. उरलेल्या आम्हा मुलांना कार्यानुभव. कार्यानुभव म्हणजे बागेला पाणी घालणे, खडू पाडणे, मैदान झाडणे आणि डिसेंबर लागला की २६ जानेवारीची लेझीम. लेझमीला हलगी लागते. गुरुजींनी मला उभे केले आणि म्हणाले, "तुला शिकवायला नको. तुझ्या घरातच आहे ते."

खरेच घरात होते. बाप लग्नसराईत हलगी वाजवायचा. मला ती येत होती, आवडतही होती. म्हणून माझ्यावर अन्याय झाला असे तेव्हा मला वाटले नाही. उलट सगळी शाळा माझ्या ठेक्यावर पाय टाकते याचा आनंद होता. शिष्यवृत्तीच्या वर्गातली मुले खिडकीतून आमच्याकडे हेव्याने पाहायची, असेही आठवते. दहावीला बीजगणितात काठावर पास झालो. कला शाखा घेतली. 'घेतली' हे क्रियापद किती फसवे आहे! उरली होती ती उचलली. पुढे मराठीने मला जवळ केले, भाकरी दिली, पत दिली. त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या वस्तीतून त्या वर्षी सातवीला असलेल्या पाचजणांपैकी एकही त्या जादा वर्गात नव्हता. हे गणित मात्र मला येते.

गुरुजी वाईट माणूस नव्हते, हेही लिहिले पाहिजे. त्यांनी मला सायकलवर बसवून तालुक्याच्या स्पर्धेला नेले होते आणि भजी खाऊ घातली होती.

मोझेसच्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते शिकवण्याच्या पद्धतीविषयीचा आहे, आणि हलगी आठवली ती तो वाचतानाच. त्याला असे दिसले की गणितात अडलेली मुले संख्येला एकच प्रश्न विचारतात : किती? बीजगणिताला दुसरा प्रश्न लागतो : कोणत्या दिशेला? पाच म्हणजे पाच, एवढे त्यांना कळते. उणे पाच कळत नाही, कारण दिशेचा विचार संख्येच्या घरात कधी आलेलाच नसतो. मग त्याने मुलांना केंब्रिज-बोस्टनच्या रेड लाइन नावाच्या भुयारी रेल्वेत बसवले. मुले प्रवास करतात, परत येऊन त्याचे चित्र काढतात, आपल्या रोजच्या बोलीत त्यावर बोलतात व लिहितात. त्यानंतर त्याच वर्णनातून नेमके मुद्दे वेगळे काढून नियमबद्ध भाषेत मांडतात : आरंभाचे स्थानक कोणते, पोहोचण्याचे कोणते, मधली किती, शहराकडे की शहराबाहेर. शेवटी चिन्हे येतात. चिन्ह मुलाच्या डोक्यावर वरून पडत नाही. त्याच्याच अनुभवातून, त्याच्याच बोलीतून पायरी पायरीने वर येते.

भाषेचा शिक्षक म्हणून मला हे विशेष भावते. प्रमाण भाषा ही घरच्या बोलीची शत्रू नाही, बोलीतूनच तिथवर जिना बांधता येतो, हे आपण मराठीच्या वर्गात सांगत आलो. गणितालाही अशी बोली असते हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या वस्तीवरून तालुक्याला जाणाऱ्या एस.टी.ला सात थांबे होते. तिकडे जाताना सात, येताना सात. सातच, पण येताना खिसा रिकामा असायचा. उणे सात याहून वेगळे काय असते?

आणि हलगी? या प्रकल्पातून लहान वर्गांसाठी आफ्रिकन ढोल आणि गुणोत्तरे असा एक अभ्यासक्रमही तयार झाला. एका हाताचे दोन ठोके पडतात तेवढ्यात दुसऱ्या हाताचे तीन पडले, तर ते दोनास तीन झाले. मूल हे हाताने करते, कानाने ऐकते, मग कागदावर मांडते. मी सातवीत हे रोज करत होतो. उजव्या हातातले टिपरू एका चालीने, डावीकडची बारीक काडी दुसऱ्या चालीने, आणि दोन्ही नेमकी कोठे भेटणार हे पोटात माहीत. शेजारच्या खोलीत त्याच वेळी फळ्यावर गुणोत्तर-प्रमाण चालू होते. मधे एक भिंत होती. ती भिंत काढावी असे त्या शाळेत कोणालाच सुचले नाही, आणि सुचण्यासारखे त्यांच्या शिक्षणात काही नव्हते.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. कामातून, हस्तव्यवसायातून गणित शिकवावे हे आपल्याकडे नवे नाही. १९३७ सालच्या वर्धा योजनेने हेच सांगितले होते. टकळी, सूत, शेती यांच्याभोवती सगळे विषय गुंफावेत असे झाकिर हुसेन समितीने मांडले. मग मोझेसमध्ये नवे काय? फरक प्रवासाच्या दिशेचा आहे. नई तालीमचे गणित सुताच्या मोजणीभोवती, जमाखर्च आणि मोजमापाभोवतीच फिरत राहिले. हस्तव्यवसाय हे तिथले साध्य होते. मोझेसची रेल्वे हे साध्य नाही. मुलाने मोटारमन व्हावे म्हणून तो त्याला गाडीत बसवत नाही. मद्रास प्रांतात १९५३ साली राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली, तेव्हा पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण, म्हणजे जातीच्या धंद्याचे शिक्षण, म्हणून धारेवर धरले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. तमिळ समाजाने जे एका वर्षात ओळखले ते आपल्याकडे कार्यानुभव या गोंडस नावाखाली वर्षानुवर्षे चालून गेले. कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली ती सर्व मुलांसाठी. प्रत्यक्षात झाडू कोणाच्या हातात आला हे त्या शाळांत शिकलेल्यांना विचारावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे उमेदवारी करावी असे म्हटले आहे. कल्पना वाईट नाही. डॉक्टरच्या मुलाने चाकावर माती धरून पाहावी, त्याचे काही बिघडणार नाही. पण कुंभाराच्या मुलाने त्या दहा दिवसांत कोठे जायचे? त्याला कोणी इंजिनिअरच्या कचेरीत बसवणार आहे काय? धोरणाच्या यादीत जी नावे आहेत ती वाचा. ती धंद्यांची नावे आहेत, आणि आपल्या देशात त्यातली काही जातींची नावेही आहेत. यादी करणाऱ्यांच्या हे लक्षात आले नसेल तर तो अडाणीपणा, आणि आले असेल तर आणखी काही.

'ऐच्छिक' या शब्दाचा आपल्या इतिहासातला सर्वांत ठळक दाखला बाबासाहेबांच्या शालेय जीवनातच आहे. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवण्यास नकार मिळाला, म्हणून दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. कागदावर ते ऐच्छिकच होते. गणिताच्या फळ्याची आठवणही चरित्रकारांनी नोंदवली आहे : एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, आणि फळ्यामागे ठेवलेले आपापले जेवणाचे डबे बाटू नयेत म्हणून सवर्ण मुले ते हलवायला धावली. ही हकिगत आपण नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. ती गणिताच्या तासाची हकिगत आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. फळ्यापर्यंत जाणे हाच तिथे संघर्ष होता. आपल्या आत्मकथनांत शाळा पुष्कळ आली आहे. तिथला पाण्याचा माठ, बसण्याची जागा, गुरुजींची छडी, फाटकी चड्डी. पण माझ्या वाचनात फळ्यावर काय लिहिलेले होते हे फार थोड्यांनी सांगितले आहे. लेखक बहुतेक माझ्यासारखेच भाषेच्या वाटेने आलेले, हे त्याचे कारण असावे. जे गणिताच्या वाटेने जाऊ शकले असते ते लिहायलाच आले नाहीत. किंवा कोठेही आले नाहीत.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात हिशेबाला जागा मागितली होती. कारण उघड होते. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याला सावकार आणि कुलकर्णी आकड्यांनीच लुबाडतात, हे त्यांनी पाहिले होते. मोझेसचे सारे म्हणणे या एका मागणीत बीजरूपाने आहे असे मी म्हणेन. फरक इतकाच की आजचा सावकार हिशेबाची वही वापरत नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मोझेसचा भर नोकरी, तंत्रज्ञान, अर्थव्यवस्थेतील जागा यांवर आहे. गणित आले की दार उघडेल, असा त्याचा सूर अनेक ठिकाणी लागतो. आपला अनुभव इतका सरळ नाही. गणित उत्तम येणारी आपली मुले मोठ्या संस्थांपर्यंत पोहोचली आणि तिथे जात त्यांच्या खोलीपर्यंत मागे गेली. बीजगणिताने जात जात नाही. दुसरी मर्यादा मला अधिक टोचते. ज्या चळवळीने गाणी म्हणत तुरुंग भरले, तिच्या कार्यकर्त्याने लिहिलेल्या या पुस्तकात मुलाचे गाणे, नाटक, चित्र यांना स्वतःचे स्थान फारसे नाही. ढोल येतो तो गुणोत्तरापर्यंत नेणारी शिडी म्हणून. शिडी म्हणून का होईना आला, हे खरे. पण वर पोहोचल्यावर ढोलाचे काय करायचे? पुस्तकाचा सहलेखक कॉब यानेच मिसिसिपीत १९६४ साली चाललेल्या फ्रीडम स्कूलची कल्पना मांडली होती. त्या शाळांत वाचन-गणिताबरोबर काळ्यांचा इतिहास होता, नाटक होते, आणि मुलांना हवी म्हणून फ्रेंच भाषाही होती. कापूस वेचणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच कशाला, असे विचारणारे तेव्हाही असतील. ती मुले प्रथमच खऱ्या अर्थाने ऐच्छिक विषय निवडत होती. या धाग्याला पुस्तकाने पुढे नेले असते तर बरे झाले असते.

कारण नंतरच्या अमेरिकेत नेमका हाच पेच उभा राहिला. २००२ पासून लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. शाळांवर गुणांचे दडपण आले. मग गणितात मागे पडलेल्या मुलाला दिवसात गणिताचे दोन तास द्यायचे, आणि दुसरा तास कोठून आणायचा तर त्याचा ऐच्छिक तास काढून घ्यायचा, ही रीत अनेक शाळांत रूढ झाली. बँड, चित्रकला, नाटक, सुतारकाम यांतले जे काही त्याने निवडले असेल ते गेले. मागे पडलेली मुले कोण, हे पुन्हा सांगायला नको. मायामी परिसरातल्या अशा मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन तास असेपर्यंत गुण वाढलेले दिसले, पण एका तासावर परतल्यानंतर त्यातली बरीचशी वाढ ओसरली. गेलेला बँड मात्र परत आला असेल असे वाटत नाही. म्हणजे एका काळात गरिबाच्या मुलाला ढोल दिला आणि गणित काढून घेतले. दुसऱ्या काळात गणित दिले, तेही तेच तेच दळण, आणि ढोल काढून घेतला. दोन्ही काळात सुस्थितीतल्या मुलाकडे दोन्ही राहिले.

समतेच्या नावाने उलटी चूकही झाली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ साली आठवीचे बीजगणित सर्वांसाठीच नववीवर ढकलले, गटवारी नको म्हणून. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी ते आठवीत परत आणा असा कौल दिला. आणि केंब्रिज? जिथे माइशासाठी तिचा बाप वर्गात शिरला होता, त्याच शहराने २०१७ ते २०१९ या काळात मधल्या शाळांतून वरच्या पातळीचे गणित टप्प्याटप्प्याने काढले. हेतू चांगला होता; वरच्या वर्गात गोरीच मुले दिसत होती. परिणाम असा की ज्यांना परवडत होते त्यांनी खासगी शिकवणी लावली. मोझेस २०२१ च्या जुलैमध्ये वारला. दार अरुंद आहे म्हणून भिंतच बांधून घेणे ही त्याची कल्पना नव्हती. सर्वांनी आत जावे, आणि त्यासाठी मुलांनीच मुलांना हात द्यावा, अशी ती होती. त्याच्या मुलांनी आणि विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास उभ्या केलेल्या 'यंग पीपल्स प्रोजेक्ट'मध्ये मोठ्या वर्गातली मुले लहानांना गणित शिकवतात. आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत हे सहज होण्यासारखे आहे. आपल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरलेल्या आहेत; सातवीच्या पोरांना तिथे बसायलाही जागा नसते.

हा लेख लिहायला घेण्याचे निमित्त घरातलेच आहे. माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. बहीण गावाकडे अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरगी तालुक्याच्या एका खासगी शाळेत सातवीत आहे. जूनमध्ये शाळेकडून एक कागद आला. 'ऐच्छिक उपक्रम' असे वर ठळक अक्षरांत. रोबोटिक्स, नृत्य, चित्रकला, हस्तकला. यांपैकी एकावर खूण करा. रोबोटिक्सला वेगळी फी. तिने चित्रकलेवर खूण केली. तिचा हात खरोखर चांगला आहे. दिवाळीनंतर दुसरा कागद आला. गणितात कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस जादा तास, चित्रकलेच्या वेळेत. खाली पालकाची संमती.

मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. माझ्या हलगीचा हिशेब मी वर मांडला आहेच. त्या हिशेबाने पाहिले तर सही करून मोकळे व्हायला हवे होते. माझ्या वेळी कोणी असा कागद पाठवला असता तर माझ्या बापाने अंगठा उठवला असता आणि मी आज वेगळ्या खोलीत शिकवत असतो. पण पोरगी म्हणाली, "मामा, गणित नको असं नाही. पण ते परत तेच शिकवतात. भागाकार. मला भागाकार येतो."

शाळेत गेलो. बाई शांतपणे बोलल्या. जादा तासाला नवीन काही शिकवत नाही, सराव घेतो, असे त्यांनीच सांगितले. तो सकाळी शाळेआधी घ्या, असे मी म्हणालो. "सर, खेड्यांतली मुलं एस.टी.नं येतात, पहिली गाडी साडेनऊला पोचते," त्या म्हणाल्या. हे खरे होते. मग चित्रकलेच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून एक तास घ्यावा, प्रमाण, कोन, सममिती हे सगळे चित्रातच आहे, असे मी सुचवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही गणिताचे का?" "नाही, मराठीचा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, मुख्याध्यापकांना लेखी द्या.

संमतीच्या कागदावर हो आणि नाही असे दोनच चौकोन होते. मी दोन्ही रिकामे ठेवले, खाली जागा होती तिथे माझी सूचना लिहिली आणि सही केली. पोरगी सध्या आठवड्यातले तीन दिवस मागच्या बाकावर बसून भागाकार करते आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर एस.टी.चे चित्र आहे. थांबे किती ते तिने मोजून काढले आहेत. सात.